भांडण बटणावरून, बिल बादलीतून: पुण्यातल्या घरात गरम पाण्यावरची वीज कशी आटोक्यात आणायची

होळी जळाली, थंडी पळाली असं आपल्याकडे म्हणतात. पुण्यातल्या गीझरचा हंगामही तेवढाच. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला बटण दाबलं जातं आणि होळीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न घुमत राहतो: "गीझर बंद केलास का?"

थंड देशांत घर तापवणं म्हणजे खोल्या तापवणं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा 11-12 अंशांवर येतो, पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला आणखी खाली जातो, पण त्याच दिवशी दुपारी 29-30 अंश असतात. खोलीला हीटर लावायची वेळ क्वचितच येते. घरातली ऊब विकत घ्यावी लागते ती न्हाणीघरात. म्हणून हा लेख मुख्यतः आंघोळीच्या पाण्याबद्दल आहे. खोलीच्या हीटरबद्दल शेवटी थोडं येईल.

आधी एक परदेशातली गोष्ट, कारण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एकसारख्या बांधणीच्या घरांचा अभ्यास केला. भिंती, खिडक्या, भट्टी सगळं सारखं होतं, तरी एका घराचा ऊर्जेचा वापर दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त निघायचा. राहणारे बदलले की त्याच घराचा वापरही बदलायचा. म्हणजे फरक बराचसा माणसांचा होता. आपल्या सोसायटीत एकाच मजल्यावरच्या दोन टू-बीएचके फ्लॅटची जानेवारीची बिलं शेजारी ठेवून पाहा, वेगळं काही दिसणार नाही.

पहिलं काम: एका आंघोळीचा हिशेब

एक सूत्र लक्षात ठेवा. किती लिटर पाणी, गुणिले किती अंशांनी तापवलं, भागिले 860. उत्तर विजेच्या युनिटमध्ये येतं. यात कंपनी, मॉडेल, जाहिरात काही येत नाही, कारण पाणी तापायला लागणारी उष्णता सगळीकडे तेवढीच.

थंडीत टाकीतलं पाणी 20 अंशांवर आहे असं धरू. अंगावर घ्यायला 40 अंश पुरतात. 20 लिटरची बादली म्हणजे 20 गुणिले 20 भागिले 860, साधारण अर्धं युनिट, नेमकं सांगायचं तर 0.47.

आता शॉवर. आधी तुमच्या शॉवरचा वेग मोजा: खाली बादली ठेवा, एक मिनिट पाणी सोडा, किती भरली ते पाहा. आठ लिटर आलं आणि माणूस आठ मिनिटं उभा राहिला तर 64 लिटर झाले. हिशेब दीड युनिटाचा, म्हणजे बादलीच्या तिपटीहून जास्त.

चार माणसांच्या घरात महिन्याला बादलीने 56 युनिट आणि शॉवरने 179. फरक 123 युनिटांचा. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि प्रत्येक वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. त्यामुळे हे वाढीव 123 युनिट तुमच्या घरच्या सगळ्यात महाग दरात मोजले जातात. शिवाय त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क लागतं ते वेगळंच. बिलावरचा सरासरी दर धरून हिशेब केला तर फसगत होते. ज्या टप्प्यात तुमचं बिल संपतं तोच दर धरा.

मग बटणाच्या भांडणाचं काय?

गीझर चालू राहिला म्हणून घरात जेवढा आवाज चढतो, त्या मानाने नुकसान किती होतं तेही काढू. साठवणीच्या गीझरवर वीजबचतीच्या चांदण्यांचं (स्टार) जे लेबल असतं, त्यावर 24 तासांत नुसत्या टाकीतून किती युनिट उष्णता निसटते तो आकडा असतो. आतल्या-बाहेरच्या तापमानात 45 अंशांचा फरक धरून तो काढलेला असतो. समजा तो 0.6 आहे. आत 60 आणि बाहेर 20 अंश असतील तर फरक 40 चा, म्हणजे दिवसाला साधारण 0.53 युनिट. दिवसरात्र गीझर चालू राहिला तरी महिन्याला सोळाच्या आसपास.

सोळा युनिट फुकट घालवावेत असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात बटणावरून रोज खटके उडतात आणि शॉवरखालच्या वीस मिनिटांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, तिथे हिशेब उलटा चाललाय. लाल दिवा सगळ्यांना दिसतो, मोरीत वाहून गेलेली ऊब कोणाला दिसत नाही.

एक अपवाद आहे. गीझर जुना असेल तर तासभर चालू ठेवून त्याच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावून पाहा. पत्रा चांगला कोमट लागला तर आतलं वेष्टण गेलेलं आहे. अशा गीझरला वरचा हिशेब लागू नाही. तिथे बटणावरून ओरडणारी आजीच बरोबर.

दुसरं काम: तुमच्या गीझरला किती वेळ लागतो ते पाहा

बहुतेक साठवणीचे गीझर 2 किलोवॉटचे असतात. 15 लिटरची टाकी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 0.7 युनिट म्हणजे 21 मिनिटं लागतात. 25 लिटरच्या टाकीला 1.16 युनिट, साधारण 35 मिनिटं. पाणी तापलं की गरम होण्याचा दिवा विझतो. एका सकाळी घड्याळ लावून ही वेळ बघा आणि गीझरशेजारी कागदावर लिहून चिकटवा. हिशेबापेक्षा खूपच जास्त वेळ लागत असेल तर गीझर तपासून घ्या, हीटिंग कॉइलवर क्षारही चढलेले असू शकतात. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांत हे हमखास होतं, खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यावर कमी. सर्व्हिसिंगला माणूस येईल तेव्हा आतली अॅनोड कांडी (टाकीला गंजू न देणारी) झिजली आहे का तेही त्याच्याकडून बघून घ्या, टाकीचं आयुष्य तिच्यावर असतं.

घरातली लहान मुलं आणि झोपाळू मोठी माणसं यांना एवढंच सांगायचं: उठल्यावर बटण दाबा, चहा घ्या, तेवढ्यात पाणी तयार असतं. रात्री लावून ठेवायची गरज नाही.

यातच न दिसणारी गळती आहे. एका बादलीच्या आंघोळीला 60 अंशांचं फक्त दहा लिटर पाणी लागतं, बाकीचं दहा लिटर विसण. मग 25 लिटरच्या टाकीत एकट्याची आंघोळ झाल्यावर पंधरा लिटर कढत पाणी तसंच राहतं आणि रात्रीपर्यंत निवतं. ते जवळपास पाऊण युनिट असतं. त्यापेक्षा अर्धा वेळ तापवलेलं, विसण कमी लागणारं पाणी बरं. एकट्या माणसाने 25 लिटरचा गीझर पंधरा मिनिटांत बंद करून बघावा, पाणी 37-38 अंशांच्या आसपास येतं. आणखी दोन-तीन मिनिटं दिली की काम झालं.

मात्र असं कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साठवून ठेवू नका. 25 ते 45 अंशांच्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. तापवलं की वापरून टाका, आणि अधूनमधून टाकी 60 अंशांपर्यंत तापू द्या.

तिसरं काम: गोल बटण समजून घ्या

विलेट केम्प्टन या अमेरिकन संशोधकाने 1986 साली लोक घरातला थर्मोस्टॅट कसा समजून घेतात यावर लिहिलं. अनेकांना तो नळाच्या चावीसारखा वाटतो: जास्त फिरवला की जास्त जोरात ऊब येणार. प्रत्यक्षात तो फक्त थांबायचं कुठे ते सांगतो. गीझरवरच्या अंशांच्या गोल बटणाचंही तेच. बटण 75 वर नेलं म्हणून पाणी लवकर तापत नाही, 2 किलोवॉटची कॉइल त्याच वेगाने काम करते, फक्त उशिरा थांबते. मग तुम्ही आणखी विसण घालता. वर 60 अंशांपुढे क्षार जास्त बसतात आणि लहान मुलाच्या हातावर ते पाणी पडलं तर आणखी पटकन भाजतं. बटण 55 ते 60 च्या दरम्यान ठेवा आणि विसरून जा.

स्वयंपाकघरातल्या तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरची तक्रार याच्या उलट असते: "पाणी तापतच नाही." तो 3 किलोवॉटचा असतो आणि 20 अंशांनी तापवायचं तर मिनिटाला दोन लिटरच्या थोडंसंच पुढे देऊ शकतो. नळ पूर्ण सोडला तर गारच येणार. धार बारीक करा. दुसरा गीझर आणायची गरज नसते.

चौथं काम: आंघोळींचा क्रम

खरी गंमत माणसांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

2 किलोवॉटचा गीझर मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवतो. म्हणजे एक बादली चौदा मिनिटांत. 25 लिटरच्या टाकीतलं साठलेलं पाणी अडीच बादल्यांना पुरतं. चौघं जण पाठोपाठ गेले तर एकदा तापवून आणि मध्ये थोडंसं चालू ठेवून सगळ्यांचं भागतं, मागे फारसं उरत नाही. सहाला बाबा, साडेसातला शाळेची मुलगी, दहाला घरून काम करणारा मुलगा आणि अकराला आई असा क्रम असेल तर दर वेळी टाकी पूर्ण तापते आणि शेवटी भरलेलीच राहते.

रविवारी सगळे घरात असताना एक कागद घ्या आणि प्रत्येकाने तीन गोष्टी लिहा: कधी आंघोळ करतो, बादली की शॉवर, आणि पाणी कसं लागतं, कोमट की कढत. उत्तरं बघून घरातल्यांनाच आश्चर्य वाटतं. मग वेळा शक्य तेवढ्या जवळ आणा. सगळ्यांच्या नाही जुळणार, दोघांच्या जुळल्या तरी चालेल.

यात काही ठिकाणी हात आखडायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना पाणी कमी तापलेलं देऊन युनिट वाचवू नयेत, आणि त्यांनी न्हाणीघरात थंडीत कुडकुडत पाण्याची वाट पाहावी असंही करू नये. बाळाच्या अंघोळीचं तसंच. पाहुण्यांना मोजून पाणी द्यायला मी सांगणार नाही, पुणेकरांबद्दल आधीच पुरेसे विनोद आहेत. आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना जानेवारीत गार पाण्यात हात घालायला लावू नका. दहा लिटर पाणी 35 अंशांवर नेलं तर 0.17 युनिट जातं. ते शॉवरच्या एका मिनिटात वसूल होतं.

शॉवर सोडायला कोणी तयार नसेल, विशेषतः विशी-पंचविशीतली मंडळी, तर उपदेश न करता दोन गोष्टी करा. मिनिटाला सहा लिटरच्या आसपास पाणी देणारा शॉवर बसवा. आणि साबण लावताना पाणी बंद. एवढ्याने बादलीशी असलेला तिपटीहून जास्त फरक दीड-दोन पटींवर येतो. "बादलीच घे" म्हणून मागे लागलात तर दोन दिवस घेतील, तिसऱ्या दिवशी दार लावून अर्धा तास शॉवर.

टायमर लावायचा असेल तर 16 अँपिअरचा घ्या. 2 किलोवॉटला जवळपास 9 अँपिअर लागतात, 3 किलोवॉटला 13. मोबाइल चार्जरच्या पॉइंटला चालणारा छोटा स्मार्ट प्लग इथे वितळू शकतो.

भाड्याचं घर

हिंजवडी, वाकड, विमाननगर इथे भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते: गीझर घरमालकाचा, बिल भाडेकरूचं. मालकाला चांगला गीझर घ्यायचं कारण नाही आणि अकरा महिन्यांसाठी भाडेकरूही घेणार नाही. करारावर सही करायच्या आधी गीझरवरचं लेबल, टाकीचं माप आणि पत्र्याचा स्पर्श बघून घ्या. जुनाट असेल तर बदलून मागायची वेळ तीच, नंतर कोणी ऐकत नाही. पीजीत वीज भाड्यात धरलेली असली की उलट होतं, कोणालाच काही वाटत नाही आणि गीझर अखंड चालतो.

सोलर असेल तर

गच्चीवर सोलर आहे म्हणून गरम पाणी फुकट, ही समजूत सगळ्यात महाग पडते, कारण त्या समजुतीने पाणी दुप्पट वापरलं जातं. शंभर लिटर पाणी 60 अंशांवर असेल तर विसण घालून आंघोळीचं दोनशे लिटर होतं. चौघांच्या शॉवरला ते कमी पडतं, मग शेवटच्याला विजेवर जावं लागतं.

गच्चीवरून खाली येणाऱ्या नळीतलं गार पाणी ही दुसरी गोष्ट. आठ मजले म्हणजे सुमारे 24 मीटर. एक इंची नळी असेल तर तिच्यात बारा लिटर पाणी असतं, ते गेल्याशिवाय गरम येत नाही. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरा, फरशी पुसायला किंवा वॉशिंग मशीनला घ्या. तेच पाणी पुढच्या माणसाच्या विसणालाही चालतं. पाठोपाठ आंघोळींचा फायदा इथे सगळ्यात जास्त, कारण नळी एकदाच गार होते. गच्चीवरच्या उघड्या नळीचं वेष्टण उन्हाने फाटलेलं असतं, ते डिसेंबरच्या आधी बदलून घ्या.

टाकीत विजेची बॅकअप कॉइल असेल तर तिचं बटण कुठे आहे हे घरातल्या किंवा सोसायटीतल्या एकाने तरी पक्कं जाणून घ्यावं. ती आपोआप चालणारी ठेवली तर रात्री निवलेलं पाणी पहाटे विजेवर तापतं, आणि सकाळी सूर्य वर येतो तेव्हा टाकी आधीच गरम असते. ती फक्त ढगाळ दिवसांत, हाताने चालू करायची.

काचेच्या नळ्या पुसायचं काम कोणाचं, हे सोसायटीच्या सभेत ठरवा. आजूबाजूला बांधकाम असेल तर महिन्यातून एकदाही पुरत नाही. नवीन बसवत असाल तर तोंड दक्षिणेला आणि कल 30 अंशांच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यातलं खालचं ऊन नीट मिळतं. पाणी क्षारयुक्त असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट संचापेक्षा काचेच्या निर्वात नळ्यांचा घ्या. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सवलत देते. यंत्रणा चालू असायला हवी, नुसती गच्चीवर उभी नको.

गॅस, रॉड आणि बंब

14.2 किलोच्या सिलिंडरमधून गॅस गीझरने पाण्यात उतरते ती उष्णता साधारण 145 युनिटांएवढी. सिलिंडरची किंमत एका बाजूला आणि तुमच्या शेवटच्या टप्प्यातल्या 145 युनिटांची किंमत दुसऱ्या बाजूला, हे गणित घरीच करा. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरला सुमारे 8 युनिट धरा.

पण स्वस्त निघाला तरी गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस दार उघडायच्या आत कोसळतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत, आणि पाण्याची नळी आत.

बादलीत रॉड टाकून पाणी तापवणाऱ्यांनी रॉडची पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. वाड्यातला तांब्याचा बंब अजून कोणाकडे असेल तर दिवाळीला जरूर पेटवा, रोजच्यासाठी धूर नको.

खोली गार वाटते तेव्हा

2 किलोवॉटचा ब्लोअर तीन तास चालला तर सहा युनिट. तेवढ्यात चौघांच्या बादलीच्या आंघोळी तीन दिवस होतात. त्याआधी पुण्याच्या हवेचा फायदा घ्या. बारा ते चारमध्ये खिडक्या उघडा, पश्चिमेच्या खोलीत ऊन येऊ द्या, दिवस मावळायच्या आत सगळं बंद. बाहेर पारा घसरतो तेव्हा भिंतींत दुपारची ऊब शिल्लक असते. आजारी माणसासाठी हीटर लावायलाच लागला तर एकाच खोलीत, दार लोटून, आणि झोप लागेपर्यंत. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, कारण गॅस गीझरचंच.

महिनाभराने

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाचा फायदा झाला ते कळत नाही. पहिल्या महिन्यात फक्त शॉवर आणि बादली. दुसऱ्यात आंघोळींच्या वेळा. बटण, टायमर, नवीन गीझर हे त्यानंतर, आणि वर काढलेला हिशेब बघता पुष्कळ घरांत नवीन गीझरची पाळीच येणार नाही.

तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. फक्त दोन्ही वेळच्या रीडिंगच्या तारखा पाहा. एक बिल 28 दिवसांचं आणि दुसरं 33 दिवसांचं असेल तर आधी दिवसांनी भागा, मग घरात कोणाला काय बोलायचं ते ठरवा.